मावशी डावीकडची, आत्या उजवीकडची

रिकामा

पहिल्या फोटोत काही नाही. दुसऱ्यातही काही नाही. तिसऱ्यात गवताचं एक पातं भिंगाच्या इतकं जवळ आलंय की ते झाडच वाटावं. चौथ्यात पुन्हा काही नाही.

रानात झाडाला बांधलेला कॅमेरा हा जातीचा घाबरट. समोर काही हललं की फोटो काढायचा, एवढंच त्याला शिकवलेलं. मग वारा आला तरी तो काढतो, ऊन सरकलं तरी काढतो. महिन्याकाठी कोणीतरी डोंगर चढून त्याच्या पोटातलं कार्ड काढून आणतं आणि त्याची महिन्याभराची घाबरगुंडी ऑफिसच्या मागच्या खोलीत एका बाईच्या पुढ्यात ओतली जाते. ती एकेक फोटो उघडते आणि कप्प्यात टाकते. रिकामा. गुरंढोरं. माणूस. अस्पष्ट. डावी बाजू. उजवी बाजू. पुन्हा बघा.

या बाईला सगळे ठिपकेबाई म्हणत. अंगावरचे ठिपके बघून बिबट्या कोणता ते सांगायचं, हे तिचं काम. काम ऐकायला भारी होतं. लग्नाकार्यात कोणी विचारलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे व्हायचे. तिचे मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालले होते. डॉक्टरांनी थेंब दिले आणि डोळ्यांना आराम द्या म्हणाले. "डोळे नोकरीला आहेत डॉक्टर," ती म्हणाली, "आराम आहे तो मलाच."

घरी गेलं तरी कप्पे सुटत नसत. सासूबाई शेजारणीचं गाऱ्हाणं घेऊन बसल्या की तिच्या मनात आपोआप उमटायचं, पुन्हा बघा. नवरा जेवताना नुसतं हूं म्हणाला की, अस्पष्ट. रविवारचा अख्खा दिवस, रिकामा.

डावी बाजू

आता एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती न कळल्यानेच पुढचं सगळं घडलं. म्हणजे ठिपकेबाईला ती कळत होती. रोज कळत होती. रोज कळणाऱ्या गोष्टीकडेच माणूस बघायचं सोडतो, हा त्यातला घोळ.

बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवरच्या ठिपक्यांसारखे नसतात. दोन वेगळी कापडं आणून पाठीच्या कण्यावर शिवावीत तसं ते जनावर असतं. डावी बाजू ओळखता येते म्हणून उजवी ओळखता येईल असं नाही. म्हणून कॅमेरे जोडीने लावायचे, वाटेच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर. जनावर मधून गेलं की दोन्ही कुशी एकाच क्षणी मिळतात आणि वाद मिटतो.

या डोंगरावरही कॅमेरे जोडीनेच होते. मग पलीकडच्या मोठ्या जंगलात कॅमेरे कमी पडले. तिथे पाहुणे यायचे, त्यांना दाखवायला फोटो लागायचे. म्हणून इथल्या प्रत्येक जोडीतला एक काढून तिकडे पाठवला. "तात्पुरतं," असं त्या वेळी म्हणाले. ऑफिसात तात्पुरतं म्हटलेल्या गोष्टी निवृत्तीपर्यंत टिकतात.

तर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, जिथे वस्ती नाही, तिथल्या एकुलत्या कॅमेऱ्यात एक मादी दिसायला लागली. चढणीकडे निघालेली, डावी बाजू कॅमेऱ्याकडे. खांद्यामागे ठिपक्यांचा असा पुंजका की वाटावं कोणी शाईची बोटं पुसली आहेत. चाल संथ. आजूबाजूला हरणांचे पुष्कळ फोटो, म्हणजे पोट भरत असणार. ड्रॉइंगमास्तर तिला मावशी म्हणायला लागले.

ड्रॉइंगमास्तर म्हणजे शेजारच्या खुर्चीतले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि घरात बसून सुनेच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून इथे दुसरी नजर म्हणून लागलेले. कामाची रीतच तशी होती. आधी एकाने बघायचं, मग दुसऱ्याने. आणि दुसऱ्याचं बघून होईपर्यंत पहिल्याने तोंडातून शब्द काढायचा नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. नाहीतर दुसऱ्याला तेच दिसतं जे पहिल्याला दिसलं. मास्तर आणि ठिपकेबाई या रितीला इतके सरावले होते की चहा कडू झाला तरी दोघं आपापला कप संपवल्यावरच बोलत.

उजवी बाजू

डोंगराच्या अलीकडच्या अंगाला, वस्तीच्या वरच्या वाटेवर, एक मादी दिसायची. उतरणीकडे निघालेली, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. मांडीवर ठिपक्यांची तुटकी साखळी. हिच्या आगेमागे हरणं नव्हती. कुत्री होती, शेळ्या होत्या, आणि शेळ्यांमागून धावणारी माणसं होती.

"ही आत्या," मास्तर म्हणाले.

"का हो?"

"बापाकडची दिसते. आल्या आल्या सामान उचलते."

त्या वर्षी दोघांनी ठरवलं होतं की ही नावं आपली उगीच, हाताशी असावीत म्हणून. पुढच्या वर्षी कॅमेरे जोडीने परत आले की बघू, या दोघी दोन आहेत का एक. कॅमेरे आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी ठरवायचं काही शिल्लक आहे हेच कोणाच्या लक्षात राहिलं नाही. नाव पडलं की स्वभाव येतो, स्वभाव आला की नातेवाईक होतो, आणि नातेवाईक खरा आहे का नाही असं कोणी विचारत नाही.

मावशी समंजस, आत्या भांडकुदळ. मावशी आपल्या अंगाला राहायची, आत्या आपल्या. कधी एका फोटोत नाहीत, कधी एका दिवशी नाहीत. "तोंड बघत नाहीत एकमेकींचं," ठिपकेबाई म्हणायची. "जमिनीवरून बिनसलं असणार," मास्तर म्हणायचे. एकदा आत्याच्या वाटेवरच्या कॅमेऱ्यात मावशीची डावी बाजू आली. दोघांनी आपापलं बघितलं, दोघांनी मावशी म्हणून सांगितलं. "समेट झाला वाटतं," मास्तर म्हणाले, आणि दोघं हसले. एवढंच. फोटो कप्प्यात गेला.

डोंगरावर एकीच्या जागी दोन माद्या झाल्या म्हणून वरून शाबासकी आली. साहेबांनी पेढे नाही, पण बिस्किटं वाटली.

गुरंढोरं

डोंगराच्या पायथ्याशी, आत्याच्या वाटेच्या बरोबर खाली, ठिपकेबाईची सख्खी धाकटी बहीण राहायची. नाव काहीही असो, घरात ती बेबी. चाळिशी ओलांडली, केस पांढरे व्हायला लागले, मुलगी शाळेत जायला लागली, तरी बेबीच. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि फोनवर जास्त. बेबीने शेळ्या पाळल्या होत्या आणि त्यातल्या काही आत्याने नेल्या होत्या.

पहिली शेळी गेली तेव्हा बेबी रडली. दुसरी गेली तेव्हा चिडली. तिसरी गेली तेव्हा तिने रडायचं आणि चिडायचं सोडून फोन करायला सुरुवात केली. ऑफिसात, सरपंचांना, पेपरवाल्यांना, आणि रोज सकाळी ताईला.

"ताई, तुमच्या आत्याबाई रात्री येऊन गेल्या."

"पाऊल उमटलंय का?"

"पाऊल काय, पत्रिका ठेवून गेल्या. अगं, कुत्रं पलंगाखाली शिरलंय ते बाहेर यायला तयार नाही."

शेळ्यांचं दुःख होतंच, पण ते वरवरचं. आतलं वेगळं होतं आणि बेबीने ते एकदाच बोलून दाखवलं. सकाळी शाळेत जाण्याआधी गोठ्याचं दार तिची मुलगी उघडायची. तिच्या हातचा चारा खाल्ल्याशिवाय शेळ्या दूध देत नसत. दार उघडताना मुलगी वाकायची, आणि वाकलेली ती शेळीएवढीच दिसायची.

त्यानंतर ठिपकेबाईने बहिणीचा फोन कधी मधेच तोडला नाही.

नियम असा होता. डोंगरावर दुसरी मोठी मादी असेल, तर त्रास देणारीला पकडून आयुष्यभरासाठी पिंजऱ्यात ठेवता येतं. डोंगर चालवायला दुसरी उरते. पण एकटीच असेल तर तिला हात लावायचा नाही. कुंपण करा, जाळ्या बसवा, पण ती तिथेच राहणार. मावशी होती, म्हणून आत्याला उचलता येत होतं. साहेबांनी आदेश काढला. वरच्या वाटेवर पिंजरा लागला. एकच अट राहिली: अंगणात शिरते ती आत्याच, याची एकदा पक्की ओळख पटवायची, म्हणजे भलतीच उचलली जायला नको.

बेबीने नवऱ्याच्या मागे लागून दारावर बसवायचा कॅमेरा मागवला. घंटा वाजली की पाहुणा दिसतो, तसला.

पुन्हा बघा

तो व्हिडिओ सोमवारी सकाळी आला. खाली बेबीचा निरोप: *घे पुरावा. आता तरी न्या.*

उजाडतानाचं अंगण. बादली, दोरी, उलटं ठेवलेलं टोपलं. भिंतीवर मादी येऊन बसते, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. मांडीवर तुटकी साखळी. आत्या. ठिपकेबाईला ओळखायला क्षणही लागला नाही. घरच्या माणसाला पाठमोरं बघूनही ओळखावं, तसं.

मादी खाली उतरली. गोठ्याच्या दाराशी गेली, हुंगलं. दाराला कडी होती. ती गोठ्याला वळसा घालून पुन्हा अंगणात आली, आणि परत भिंतीकडे जाताना तिची दुसरी बाजू कॅमेऱ्यासमोरून गेली. एव्हाना उजेड चांगला झाला होता.

खांद्यामागे शाईची बोटं पुसलेली.

ठिपकेबाईने व्हिडिओ मागे नेला. पुढे आणला. मागे नेला. मग चष्मा काढून पुसला, जसं काही ते ठिपके काचेवर असावेत. मग खुर्ची सरकवली आणि मास्तरांना म्हणाली, "हा एक बघा."

"काय आहे?"

ती काही बोलली नाही. रीत म्हणून.

मास्तर तिच्या खुर्चीवर बसले. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर ऑफिसची जीप धुणं चाललं होतं. मागे व्हिडिओ एकदा संपला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा संपला. मग खुर्ची वाजली, आणि मास्तर काही न बोलता कोपऱ्यात गेले, शेगडी पेटवली, पाणी ठेवलं, साखर टाकली. आज साखर दोनदा टाकली.

दोघांनी चहा घेतला. कप संपले.

"बाई," मास्तर म्हणाले, "मी पोरांना शिकवायचो. वस्तू काढायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारा."

"सांगू नका आता."

"नाही सांगत."

कप विसळता विसळता तेच पुढे म्हणाले, "म्हणजे ती नुसती गोल फिरत होती. तिकडून चढायची, इकडून उतरायची."

"आणि आपण तिला नातेवाईक देत होतो."

यावर हसू यायला हवं होतं. दोघांच्याही तोंडाच्या कडा जरा हलल्या आणि तिथेच थांबल्या.

माणूस

साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोपं झालं असतं. टेबलावर औषधांचा डबा, खुर्चीच्या पाठीला उशी, आणि कोणत्याही बातमीवर आधी डोळे मिटायची सवय.

"मला एवढंच सांगा बाई. बहिणीच्या अंगणात आली ती आत्या का?"

"हो."

"झालं तर मग."

"मावशीपण तीच आहे, साहेब."

साहेबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई समोरच होत्या.

"खात्री आहे?"

"मास्तरांनी पण बघितलं."

"काय म्हणाले?"

"चहा केला त्यांनी."

साहेबांना तेवढ्यावर कळलं. त्यांनी खिडकी लावली, जसं काही बाहेर जीप धुणाऱ्याला ऐकू जाईल.

"म्हणजे इतकी वर्षं आपण दोन दोन म्हणतोय आणि एकच आहे."

"एकच आहे."

"पिंजरा लागलाय. मी त्या गावात जाऊन सगळ्यांसमोर शब्द देऊन आलोय. तुमच्या बहिणीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, प्या, पण पुन्हा हात हलवत येऊ नका." साहेब खुर्चीत मागे रेलले. "शेजारच्या डोंगरावरून आपणच उचलला होता ना बिबट्या? मग रानडुकरं एवढी झाली की तीच माणसं मला म्हणतात, तुमचा बिबट्या परत आणा. जसं काही मी तो घरी नेऊन ठेवलाय."

साहेबांनी औषधांचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"असं करा. तुम्ही मला अजून काही सांगितलेलं नाही. आज बहिणीकडे जाऊन या. दुपारी फोन करा. नुसती आत्या आहे म्हणालात, तर मादी सापडेल तेव्हा ट्रक पाठवतो. एकच आहे म्हणालात, तर माणसं पाठवून पिंजरा बंद करतो."

"माझ्यावर टाकताय साहेब."

"टाकतोय," साहेब म्हणाले. "मला त्या मादीचा आणि तुमच्या बहिणीचा, दोघींचा कंटाळा आलाय, आणि तुमचा निदान एकीशी तरी संबंध आहे."

अस्पष्ट

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेरचं सगळं पळत होतं आणि तिला त्याची ओळख पटवायची नव्हती, म्हणून बरं वाटलं. तिने मनात बोलायला सुरुवात केली. बेबे, असं झालंय की. नाही. बेबे, आधी ऐकून घे. नाही. ऐकून घे म्हटलं की बेबी लहानपणापासून कानावर हात ठेवते. बेबे, चूक आमची आहे. हे बरं आहे, पण पुढे काय.

उजवी बाजू

"आलीस?" बेबी अंगण झाडत होती. "मला वाटलं फोनवरच सांगशील. आत्याच ना?"

"आत्याच."

"मग तोंड का असं? ये, आत ये. चहा टाकते."

"चहा नको. सकाळपासून चहाच चाललाय."

"मग बस तरी. उभ्याने बोललीस की मला वाटतं तपासणीला आलीस."

ठिपकेबाई उलट्या टोपल्यावर बसली. व्हिडिओत दिसत होतं तेच टोपलं. भिंत तीच, गोठ्याचं दार तेच, फक्त दाराला आता कडीखेरीज एक साखळीही गुंडाळलेली होती. तिने सगळं सांगितलं. कुशी, ठिपके, कॅमेऱ्यांच्या मोडलेल्या जोड्या, शाईची बोटं. तिला वाटलं होतं बेबी मधे मधे बोलेल. पण बेबी झाडू दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

"म्हणजे पुरावा मीच दिला," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"पैसे घालून कॅमेरा आणला, आणि पुरावा तिच्या बाजूचा निघाला."

"हो."

"आणि एकीच्या दोन केल्या कोणी?"

"आम्हीच."

"आता दोघींची एक करणार तीही तुम्हीच. तुमची बेरीज-वजाबाकी चालू दे ताई, मधल्या मधे शेळ्या माझ्या जातायत."

कुत्रं पलंगाखालून बाहेर आलं, दारात उभं राहिलं, दोघींकडे बघितलं आणि परत आत गेलं.

बेबीने झाडू भिंतीला टेकवला आणि ताईच्या समोर उकिडवी बसली. आवाज खाली आला. लहानपणी काही फुटलं की ती अशीच समोर येऊन बसायची.

"ताई, तू खोटं बोलू नकोस. मी कशाला सांगू खोटं बोलायला? तू नुसतं म्हण, आत्या आहे. ते खरं आहे ना?"

"आहे."

"मग तेवढंच म्हण. पुढचं तुला कोणी विचारलंय का?"

"साहेबांनी तेच सांगितलं."

"बघ. साहेब शहाणा आहे."

"ती गेली की डोंगर रिकामा होईल, बेबे. डुकरं येतील. तुझं शेत..."

"डुकरं माझ्या पोरीला उचलून नेत नाहीत."

याचं उत्तर ऑफिसात होतं. ऑफिसात रंगीत पत्रकं होती, त्यांत झाडं, हरणं, बिबट्या आणि माणूस एकमेकांचे हात धरून गोल उभे होते. गावोगाव ती वाटताना तिने स्वतः लोकांना समजावून सांगितलं होतं, आणि लोकांनी त्यात भजी बांधून नेली होती. इथे, या टोपल्यावर बसून, त्यातलं एक वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"माझ्या पोरीला एकच सख्खी मावशी," बेबी म्हणाली, "आणि तिला पुळका डोंगरावरच्या मावशीचा."

हे लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं, आणि लागल्यावर बेबीनेही मान वळवली.

ठिपकेबाई गोठ्याच्या दाराकडे बघत राहिली. तिने खरंच प्रयत्न केला. आत्या आहे, एवढं म्हणायचं, फोन ठेवायचा, बहिणीकडे जेवून घरी जायचं. ते म्हणून झालंय अशी कल्पना करून ती पुढे चालत गेली. ट्रक आला. गेला. पुढच्या महिन्यात कार्ड आलं. ती खुर्चीवर बसली, शेजारी मास्तर बसले. अलीकडच्या अंगाचे फोटो: रिकामा, रिकामा, रिकामा. ठीक आहे, आत्या नेलीच होती. मग पलीकडच्या अंगाचे. आणि तिथे तिला मावशीला शोधावं लागणार होतं. कप्पा होता, नाव होतं, वर कळवायचं होतं की मावशी बरी आहे. महिन्यामागून महिने तिला गवतात आणि वाऱ्यात एक जनावर शोधत बसावं लागणार होतं, जे तिथे नाही हे तिला माहीत होतं. आणि मास्तरांना माहीत होतं. आणि रितीप्रमाणे दोघं काही बोलणार नव्हते.

खोटं बोलण्याचा तिला फारसा धाक नव्हता. आयुष्यात थोडंफार बोललेली होती. पण खोटं बघत बसायचं, रोज, पगारावर, दुखऱ्या डोळ्यांनी. एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

तिने फोन काढला. अंगणाबाहेर जाऊन करता आला असता. तिथेच बसून केला.

"साहेब, एकच आहे."

पलीकडे औषधांचा डबा वाजला. मग साहेब म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "बहीण?"

"समोरच आहे."

"त्यांना सांगा, गोठ्याला वरून जाळी मंजूर करतो. आजच."

"कधी येईल?"

"मंजूर तर आजच करतो," साहेब म्हणाले.

बेबीला सगळं ऐकू गेलं होतं. ती उठली. आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती, हे आवाजावरून कळत होतं. ठिपकेबाई टोपल्यावर बसून राहिली. उन्हाने अंगण पांढरं झालं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हल्ली ते कशानेही यायचं, त्याचा कशाशी संबंध लावायचा नसे.

भांड्यांचा आवाज थांबला.

"उद्यापासून गोठ्याचं दार तू उघडायचंस," बेबी आतून म्हणाली. "पोर नाही उघडणार."

"रजा टाकते."

"कुठवर?"

"जाळी येईपर्यंत."

"मग निवृत्तीचा हार इथेच मागवून घे." बेबी हात पुसत दारात आली. "सासू काय म्हणेल?"

"बोलेल बरंच. इथून ऐकू नाही येणार."

गुरंढोरं

"चल," बेबी चपला घालत म्हणाली. "वर जायचंय."

"कशाला?"

"पिंजऱ्यात आमिष म्हणून शेळी कोणाची बांधली असं वाटतं तुला? तुमच्या लोकांकडे शेळी कुठून येणार. माझीच नेली, परत आणून देऊ म्हणाले. आता पिंजराच बंद करायचाय म्हटल्यावर त्यांची वाट बघत बसू का मी? संध्याकाळ करतील ते."

दोघी चढण चढल्या. बेबी पुढे, ताई मागे. वाट तीच, जिथे आत्याचे सगळे फोटो निघाले होते. झाडाला बांधलेला कॅमेरा दिसला तेव्हा ठिपकेबाईच्या मनात आलं, आता हे दोन फोटो महिन्याभराने आपल्याच पुढ्यात येणार. माणूस. माणूस. तिने पदर सारखा केला आणि मग स्वतःचाच राग येऊन तसाच सोडून दिला.

पिंजरा झुडपात होता, वरून फांद्या टाकलेल्या. पुढचा भाग उघडा, वाट बघणारा. मागच्या भागात गजांच्या पलीकडे शेळी, सुरक्षित, आणि तिच्यासमोर हिरव्या पाल्याचा भारा. तिने दोघींकडे बघितलं आणि चघळायला लागली.

"बघ," बेबी म्हणाली. "घरी हिला असा पाला मिळत नाही. सरकारी पाहुणचार."

तिने मागची कडी सरकवली, आत हात घालून दोरी धरली आणि ओढली. शेळीने चारी पाय रोवले. बेबीने पुन्हा ओढलं. शेळी बसली.

"ये की गं, ये. माझी बाई ना ती. ये." मग आवाज बदलला. "ऊठ, मेले."

शेळी बसूनच राहिली. पिंजऱ्याची जमीन गार होती, पाला ताजा होता, आणि तिला इथे का बांधलं होतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बेबीने दोरी हाताला गुंडाळली आणि मागे रेलून जोर लावला. तिचा श्वास वर चढला होता. मानेवर घाम, केस सुटलेले. ठिपकेबाई बाजूला उभी होती. काय करावं तिला कळत नव्हतं. शेळ्यांचं तिला काहीच कळत नसे. लहानपणीही ते काम बेबीचंच होतं.

"आत शिर," बेबी दात आवळून म्हणाली.

"मी?"

"मग काय साहेबांना बोलावू? पुढच्या दाराने शिर, गजांतून हात घाल आणि मागून रेट."

पडतं दार खाली येऊ नये म्हणून ठिपकेबाईने त्याखाली एक जाड फांदी उभी केली आणि ती वाकून पिंजऱ्यात शिरली. आत लोखंडाचा आणि शेळीचा वास. गुडघ्यांवर बसून तिने गजांतून दोन्ही हात पलीकडे घातले. शेळीची पाठ ऊबदार होती आणि हलत नव्हती.

"ढकल आता," बेबी बाहेरून म्हणाली. "बघत काय बसलीस."